घारीचं घरटं : काठीने की कॅमेऱ्याने?

(तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन)

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते, म्हणजे नंतर कुणी 'तू पण त्यात होतीस ना गं?' असं विचारायला नको. गेल्या फेब्रुवारीत लेडीज हॉस्टेलच्या पाण्याच्या टाकीशेजारच्या निलगिरीवरचं घारीचं घरटं काढून टाकावं म्हणून जो अर्ज गेला होता, त्यावर पहिली सही माझी होती. खाली आणखी एकेचाळीस मुलींच्या सह्या. पण पहिली माझी, कारण फटका मलाच बसला होता!

झालं असं, की सबमिशनच्या आदल्या दिवशी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. दोरीकडे तोंड, आकाशाकडे पाठ. मागून काहीतरी फडफडलं आणि डोक्यात कुणीतरी पाच-सहा पिना एकदम टोचाव्यात तसं झालं. वळून बघते तर घार परत निलगिरीकडे निघालेली आणि माझ्या बोटांना रक्त. मग टिटॅनसचं इंजेक्शन, मैत्रिणींचं हसणं, 'तुझे केस बघून तिला घरटंच वाटलं असेल' वगैरे विनोद. संध्याकाळी रागारागात अर्ज लिहिला. तोही इंग्रजीत, कारण कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे भांडण मराठीत आणि अर्ज इंग्रजीत अशी माझी विभागणी आहे. अर्जात मी त्या पक्ष्याला 'ईगल' म्हटलं होतं. खरंच सांगते, बारा वर्षं मला आकाशात गोल फिरणारं सगळं 'ईगल'च वाटत आलंय.

दुसऱ्याच दिवशी दोन माणसं लांब बांबूला कोयता बांधून आली. (गिझरचा अर्ज पहिल्या वर्षापासून पडून आहे, पण तो विषय वेगळा.) घरटं खाली आलं. आम्ही सगळ्या बघायला गेलो. काटक्या, बाइंडिंग वायर, पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीचे तुकडे, कुणाचा तरी निळा मोजा आणि आमच्या सर्किट लॅबमधली असते तशीच लाल सिंगल स्ट्रँड वायर. आणि दोन पिल्लं. एक पडतानाच गेलं. दुसरं बुटांच्या खोक्यात ठेवलं, ते संध्याकाळी सातच्या सुमारास गेलं. घार चार दिवस टाकीच्या कठड्यावर बसून होती. त्या चार दिवसांत तिने एकीवरही झडप घातली नाही. कशासाठी घालणार?

आता दोष कुणाला द्यायचा? वॉर्डन मॅडमना अजिबात नाही. मुलीच्या डोक्यातून रक्त आलंय म्हटल्यावर त्यांनी काय करायचं होतं? बांबूवाल्या काकांनाही नाही. आम्ही मागितलं, त्यांनी दिलं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना धक्का लावणंही येतं, हे मला नंतर कळलं. आमच्यापैकी कुणालाच तेव्हा ते माहीत नव्हतं. सध्या एवढंच म्हणते, की बेचाळीस शिकलेल्या मुलींना दोन महिने डोक्यावरचं घरटं दिसलं नाही आणि दिसलं तेव्हा ते खाली पडलेलं होतं. मला ज्या गोष्टीबद्दल लिहायचंय ती हीच.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात नेचर क्लबची ट्रिप रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातल्या चिरगावला जाणार होती. मी नाव दिलं ते, खरं सांगायचं तर, पाप धुवायला वगैरे नाही. पुढे श्रीवर्धनचा समुद्र होता म्हणून. पहाटे निघालो, माणगाववरून वळलो, म्हसळ्याला चहा झाला आणि मग गावाकडे. चिरगावच्या जंगलात पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं उंच झाडांवर घरटी करतात. महाडच्या 'सिस्केप' संस्थेचे प्रेमसागर मेस्त्री आणि त्यांचे सहकारी गावकऱ्यांना बरोबर घेऊन तिथे कित्येक वर्षं त्यांच्या संरक्षणाचं काम करत आले आहेत. मेलेली गुरं गिधाडांना खायला मिळतील अशी व्यवस्था करायची, घरट्यांवर लक्ष ठेवायचं, शाळेतल्या पोरांना हे दाखवायचं. वाचताना सोपं वाटतं. मेलेलं जनावर हलवून बघा म्हणजे कळेल!

आम्हाला घरट्यांपासून खूप अलीकडेच थांबवलं. बोलायचं नाही, भडक कपड्यावर ओढणी टाका, ड्रोन बॅगेतून बाहेर काढायचा नाही. (आमच्या एका मेकॅनिकलच्या मित्राचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता.) एक दुर्बीण तिपाईवर लावलेली. एकेकाने यायचं, बघायचं, बाजूला व्हायचं. माझा नंबर आला तेव्हा आधी नुसती पानं दिसली. मग फांदीच्या बेचक्यात काटक्यांचा ढीग, आणि त्या ढिगाच्या काठावर मान आत घेऊन बसलेलं एक अवाढव्य, सुरकुतलेलं, अजिबात सुंदर नसलेलं जनावर. आणि त्याच्या पोटाशी राखाडी कापसाचा गोळा. तो गोळा हलला. उठून उभं राहायचा प्रयत्न केला, पडला, परत उठला आणि आईच्या (की बापाच्या, दोघंही आळीपाळीने बसतात) चोचीला चोच लावली.

मला वाटतं मी दोन मिनिटं तिथून हलले नसेन, कारण मागून कुणीतरी माझी वेणी ओढली.

या पक्ष्याची मादी वर्षाला एकच अंडं घालते. दीड महिन्याच्या वर उबवणं, मग तीनएक महिने पिल्लू घरट्यात. म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून थेट उन्हाळ्यापर्यंत आख्खं सेमिस्टर एका पिल्लासाठी, आणि त्यात एकदा केटी लागली की वर्ष गेलं. हिशोब इतका काठावरचा असताना नव्वदच्या दशकात गुरांना डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध सर्रास टोचायला लागले. असं औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांच्या किडन्या बंद पडायच्या. आधी तर कशाने मरतायत हेच कळत नव्हतं. २००३ मध्ये पाकिस्तानातल्या गिधाडांवर काम करणाऱ्या लिंडसे ओक्स यांच्या गटाला कारण सापडलं, २००४ मध्ये 'नेचर'मध्ये ते छापून आलं, २००६ मध्ये भारतात गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. तोपर्यंत देशातली पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त संपली होती. ९९ टक्के म्हणजे काय ते आपल्या भाषेत सांगते : शंभर मुलांच्या वर्गात व्हायवाला एकच जण उरला. त्या उरलेल्या एकाला मी दुर्बिणीतून बघितलं. एवढंच कशाला, ३ जून २०२० च्या 'निसर्ग' चक्रीवादळाने श्रीवर्धन-म्हसळ्याची झाडं काड्यांसारखी मोडली, त्यातूनही हे उरले.

परतीच्या गाडीत सगळे अंताक्षरी खेळत होते. माझ्या डोक्यात बुटांचं खोकं. तिकडे एक गाव एका पिल्लासाठी मेलेली गुरं ओढतंय आणि इकडे मी एका सहीत दोन पिल्लं घालवली. गिधाड दुर्मीळ आणि घार साधी, हा फरक मला मान्य आहे. पण तो फरक आपण मोजतो. खोक्यातल्या पिल्लाला काय त्याचं?

आता माझा मुद्दा. मी दुर्बिणीतून बघितलं तेव्हा मला जे वाटलं, ते तीन वर्षं त्याच निलगिरीखालून जाताना का वाटलं नाही? कारण आपल्याला कुणी दाखवत नाही. माझं स्पष्ट मत आहे, की पक्षी वाचवा अशी पोस्टर्स लावण्यापेक्षा घरटं दाखवा. लांबून, त्यांना कळणार नाही असं, पण रोज दाखवा.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. स्कॉटलंडमध्ये लॉख गार्टन नावाच्या तळ्याकाठच्या जंगलात ऑस्प्रे म्हणजे मासे पकडणारा शिकारी पक्षी १९५४ मध्ये घरटं करायला परत आला. त्याआधी सुमारे चाळीस वर्षं ब्रिटनमध्ये त्याची वीण जवळजवळ बंदच होती. एक कारण बंदुकी आणि दुसरं कारण अंडी जमवणारे शौकीन लोक. (तिकीटं जमवतात तशी अंडी! काय एकेक छंद.) पक्षीप्रेमींनी घरटं गुपित ठेवलं, झाडाखाली रात्रंदिवस पहारा ठेवला. तरी १९५८ मध्ये रात्रीच्या अंधारात कुणीतरी चढून अंडी लांबवलीच. आता कुणालाही वाटेल, की पुढच्या वर्षी पहारा दुप्पट केला असेल. त्यांच्यातल्या जॉर्ज वॉटरस्टन यांनी बरोबर उलटं केलं. १९५९ मध्ये घरटं कुठे आहे ते जाहीर करून टाकलं, झाडाला काटेरी तार गुंडाळली, लांबवर एक आडोसा उभारला, तिथे दुर्बिणी लावल्या आणि लोकांना म्हटलं, या, बघा! त्या एका हंगामात सुमारे चौदा हजार माणसं येऊन गेली आणि तीन पिल्लं उडाली. एवढ्या डोळ्यांसमोर चोर येणार कसा? तेव्हापासून त्या जंगलात लोक घरटं बघायला जातात, आता कॅमेऱ्याच्या पडद्यावर अंडीसुद्धा दिसतात.

अमेरिकेत आयोवा राज्यात डेकोरा गावातल्या गरुडाच्या घरट्यावर लावलेला कॅमेरा २०११ मध्ये वीस कोटींहून जास्त वेळा बघितला गेला. आपल्याकडे हरियाणात पिंजोरला बीएनएचएस आणि तिथल्या वनखात्याचं गिधाड प्रजनन केंद्र आहे, तिथेही पिंजऱ्यांत सीसीटीव्ही आहेत. पण ते अभ्यासासाठी, पक्ष्यांना माणसाचा त्रास नको म्हणून. आपल्या हॉस्टेलमध्ये सीसीटीव्ही आहेत ते कशासाठी आहेत हे सगळ्यांनाच माहीत आहे.

मग कुणी म्हणेल, आधी राईत काय बघायचं ते सांग! मी राईची. भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेला उतरून उत्तनच्या बसने मुर्धा गेलं की राई, पुढे मोर्वा. मराठीत राई म्हणजे दाट झाडी. आमराई, देवराई. आमच्या राईत आता झाडी कमी आणि बिल्डरचे बोर्ड जास्त झालेत, पण मागे मिठागरं आहेत, खाडीच्या बाजूला खारफुटी आहे आणि घरामागे ताडाची झाडं आहेत. त्यातल्या एका ताडावर घारीचं घरटं माझ्या जन्माच्या आधीपासून आहे, असं आजी म्हणते. घार बदलली असेल, घरटं तेच, दरवर्षी वर नवीन मजला चढतो. बिल्डरचीच जात!

आजीने मला पक्षी शिकवले असते, पण मी कधी विचारलं नाही आणि तिला वाटलं कॉन्व्हेंटमध्ये शिकवत असतील. चिरगावहून आल्यावर मी तिच्या मागे लागले. मागच्या दारी मासळी साफ करताना ती आतडी-डोकी वेगळ्या टोपलीत टाकते आणि मग लांब खाजणाच्या कडेला नेऊन ओतते. मी म्हटलं, इथेच टाक ना, घार येऊन घेऊन जाईल. तर म्हणाली, "आंगनान टाकू नको गो, सवय लागल तिला, मंग पोरांचे हातानशी नेल." तिच्या अंगणात सत्तर वर्षांत घारीने कुणाला बोचकारलेलं नाही.

गंमत पुढेच आहे. दिल्लीच्या घारींवर निशांत कुमार यांनी बरीच वर्षं संशोधन केलंय. त्यांचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास याच प्रश्नावर आहे : घरट्याजवळ माणूस आला तर कुठली घार अंगावर येते? तर जिथे आसपास उघडा कचरा आणि लोकांनी हवेत उडवलेलं मांस भरपूर, तिथल्या घारी जास्त आक्रमक. त्यांना माणसाची भीती उरलेली नसते आणि घरटं राखण्यासारखं असतं. आता लेडीज हॉस्टेलच्या मेसचे खरकट्याचे डबे कुठे असतात? टाकीखाली. झाकणं आहेत? एकालाही नाही. रविवारी चिकन असतं. सोमवारी मी गच्चीवर गेले होते.

म्हणजे अंगणात टाकलं आम्हीच, सवय लावली आम्हीच आणि बांबू लावला घारीला. आजीचा नियम आणि दिल्लीचा पेपर यांचा निष्कर्ष एकच निघाला, फक्त आजीला त्यासाठी स्कॉलरशिप मिळाली नाही.

आता थोडं अवघड लिहायचंय. मेट्रो ९ चा कारडेपो आधी आमच्याच राई-मुर्धा-मोर्व्याच्या जागेवर येणार होता. गावाने जोरदार विरोध केला, मोर्चे झाले, माझे काका दोनदा काम बुडवून गेले. घरं जाणार होती, शेतं जाणार होती, विरोध करायलाच हवा होता. मग डेपो आमच्याकडून हलून डोंगरीला न्यायचं ठरलं. आमच्या घरी त्या दिवशी पेढे आले. मी दोन खाल्ले. डोंगरी काही परदेशात नाही, उत्तनच्या वाटेवरच आहे, आमच्या गच्चीवरून त्या बाजूची हिरवी टेकडी दिसते. २०२५ मध्ये तिथल्या झाडांची नोटीस निघाली तेव्हा आकडा दहा हजारांच्या वर होता. तिथल्या लोकांनी हरकती नोंदवल्या. आमच्या गावातून किती जणांनी नोंदवल्या? मी नाही नोंदवली. माझी तेव्हा परीक्षा होती, हे कारण आहे आणि सबबही आहे.

मेट्रो नको असं मी म्हणत नाहीये. भाईंदरहून सकाळी ८ च्या चर्चगेट लोकलमध्ये एकदा तरी लटकलेल्या माणसाने मेट्रो नको म्हणू नये. पण वर्तमानपत्रांत मी आकडा वाचला तो झाडांचा. घरट्यांचा आकडा मला कुठल्याच बातमीत दिसला नाही. टेकडीवरच्या कुठल्या झाडावर घार आहे, कुठल्यावर शिक्रा आहे, खाडीवरची ब्राह्मणी घार, ती तांबूस अंगाची आणि पांढऱ्या डोक्याची, संध्याकाळी कुठे परतते, हे कुणी दहा वर्षं बघून लिहून ठेवलेलं असतं तर हरकतीच्या कागदावर नुसतं 'पर्यावरणाची हानी' असं न लिहिता काही ठोस लिहिता आलं असतं. ज्याची नोंद नाही ते अधिकाऱ्याला कसं दिसणार? आणि ज्याला आपण कधी बघितलंच नाही, ते गेल्यावर पेढे गोड लागतात. माझेच लागले.

म्हणून राईत, खाजणाच्या कडेला, एक छोटं बघण्याचं ठिकाण हवं. काचेची इमारत नको, उद्घाटनाची फीत नको. पत्र्याची शेड, समोर कुडाचा आडोसा, दोन दुर्बिणी, एक पडदा आणि एक वही. ऐरोलीला खारफुटी कक्षाचं जैवविविधता केंद्र आहे, तिथे लोक फ्लेमिंगो बघायला रांगा लावतात, बोटीत बसतात. फ्लेमिंगो गुलाबी आहे, फोटोत छान येतो, त्याचं कौतुक होणारच. घारीचं नशीब काळपट तपकिरी. पण शिकारी पक्ष्याचं घरटं ही जी रोज चालू असलेली गोष्ट असते ना, कोण आलं, काय आणलं, कुणाला मिळालं, कुणाला नाही मिळालं, ती फ्लेमिंगोच्या थव्यात नाही. वेळासच्या लोकांनी कासवांचं तेच केलं. २००२ पासून चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र'ने तिथे कासवांची अंडी राखायला सुरुवात केली आणि मग पिल्लं समुद्रात जाताना बघायला पाहुणे यायला लागले. ज्या गावात अंडी खाल्ली जायची तिथे आता घराघरांत पाहुण्यांना जेवण वाढलं जातं. दाखवल्याने हे झालं.

याला दोन आक्षेप मी आधीच ऐकलेत. पहिला आमच्या नेचर क्लबच्या सिनियर्सचा : घरटं दाखवलं की गर्दी होते, मोठ्ठ्या लेन्स घेऊन लोक फांद्या तोडून 'क्लीन फ्रेम' मिळवतात आणि आई-बाप घरटं सोडतात. शंभर टक्के खरं आहे. म्हणूनच मी कॅमेरा म्हणतेय. माणूस झाडाखाली जायचाच नाही. कॅमेरा बसवायचा तोही घरटं रिकामं असताना. आपल्या किनाऱ्यावरच्या घारी मुसळधार पावसाच्या महिन्यांत घाटापलीकडे कमी पावसाकडे जातात आणि पाऊस ओसरला की परत येतात, हे सलीम अली यांनी फार पूर्वी लिहून ठेवलंय. म्हणजे जुलै-ऑगस्ट ही आपली इन्स्टॉलेशनची खिडकी. पावसात टाकीवर कोण चढणार, हा प्रश्न मेकॅनिकलवाल्यांनी सोडवावा.

दुसरा आक्षेप माझ्या रूममेटचा. ती म्हणते, पिल्लू कॅमेऱ्यासमोर मेलं तर? मोठं पिल्लू लहान्याला उपाशी ठेवतं, कावळे येतात, आपण मेसमध्ये पोहे खात ते बघत बसायचं? यावर माझ्याकडे गोड उत्तर नाही. हो, बघायचं. मधे पडायचं नाही, हा नियम आधीच भिंतीवर लिहून ठेवायचा. आपण आधी एकदा मधे पडलो होतो. पिल्लांना नावं ठेवायची का यावर तिचं-माझं अजून भांडण चालू आहे. परदेशात ठेवतात. आपल्या हॉस्टेलमध्ये नावं ठेवण्यात सगळ्याच तज्ज्ञ असल्यामुळे मला भीती वाटते.

राईची शेड होईल तेव्हा होईल. त्यासाठी पंचायतीचे दिवस गेले, आता महापालिका, वनखातं असे पाच दरवाजे आहेत. पण आपल्या टाकीवरचा कॅमेरा आपल्या हातात आहे, आणि आपण इंजिनियरिंग शिकतो असं आपले आईवडील सगळ्यांना सांगत असतात. तर हिशोब असा. टाकीच्या कठड्यावर एक फिरवता येणारा, झूम असलेला वॉटरप्रूफ कॅमेरा. घरट्यावरच चिकटवायचा नाही, कारण घार पुन्हा त्याच निलगिरीवर येईल याची हमी नाही, शेजारच्या सुरूवर गेली तर नुसता कॅमेरा वळवायचा. वीज आणि डेटा एकाच केबलने, टाकीपासून कॉमन रूमचा स्विच शंभर मीटरच्या आत आहे, मी आणि माझ्या मैत्रिणीने टेपने मोजलंय (८२ मीटर). रात्री बघायचं असेल तर ९४० नॅनोमीटरचे इन्फ्रारेड एलईडी, कारण ८५० वाले अंधारात मंद लाल दिसतात. स्ट्रीमिंगला साधारण २ एमबीपीएस पुरतात, म्हणजे एक मुलगी रात्री सिरियल बघते त्यापेक्षा कमी. पडदा मेसमध्ये, टीव्हीच्या शेजारी. मॅचच्या दिवशी मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून वेगळा पडदा! जुना प्रोजेक्टर ईटीसी विभागाच्या स्टोअरमध्ये पडून आहे, सरांनी 'बघू' म्हटलंय. सरांचं 'बघू' म्हणजे होकार असतो, आमच्या बॅचला अनुभव आहे.

आणि कॅमेऱ्याआधी दोन साध्या गोष्टी. खरकट्याच्या डब्यांना झाकणं लावून ते टाकीपासून लांब, गेटच्या बाजूला न्यावेत. कपड्यांच्या दोऱ्या जानेवारी ते एप्रिल गच्चीच्या पूर्वेकडच्या टोकाला बांधाव्यात, निलगिरीच्या तोंडावर नकोत. अंडी महिनाभर उबवायची, पिल्लं दीडएक महिना घरट्यात. एवढे दिवस गच्चीवर जाताना छत्री घ्यायला काय हरकत आहे? आपण परीक्षेच्या दिवसांत देवळात रांगेत उभ्या राहतो, त्याला लागतो त्यापेक्षा वेळ कमीच लागेल.

घार बाइंडिंग वायर नेते, मोजे नेते, ते चालायचंच. स्पेनमधल्या घारींवर झालेल्या अभ्यासाचा एक पेपर २०११ मध्ये 'सायन्स'मध्ये आला होता. त्यात असं दिसलं होतं की घारी घरट्यात पांढरं प्लॅस्टिक लावतात आणि जी जोडी जास्त दमदार तिच्या घरट्यात ते जास्त. म्हणजे दारावरची पाटीच ती : 'इथे कोण राहतं ते बघून घ्या.' आमच्या त्या घरट्यात पांढऱ्या पिशवीचे बरेच तुकडे होते. मी ते तेव्हा कचरा म्हणून झाडून टाकले.

ऑक्टोबरमध्ये टाकीच्या कठड्यावर परत एक घार बसायला लागली होती. तीच की दुसरी, ते मला ओळखता येत नाही. आजीला विचारलं तर म्हणाली, तुला मानसं तरी कुठं वळखता येतान.

नवीन अर्ज तयार आहे, या वेळी मराठीत, आणि त्यात 'घार' असंच लिहिलंय. कॉमन रूमच्या नोटीस बोर्डाशेजारी लावलाय, पेन दोरीला बांधलंय, कृपया नेऊ नये. पहिली सही माझीच आहे, बाकीच्या एकेचाळीसजणी कोण ते मला पाठ आहे. झाकणवाल्या डब्यांचं कोटेशन मागच्या पानाला टाचलंय.